छोट्या लाईनीवरची अख्खी काच

१ सप्टेंबर २०१६, गुरुवार. पोळा.

ही डायरी खताच्या दुकानदाराने सुधाकरला दिली, सुधाकरने मला दिली. रोज शुगर किती, गोळी घेतली की नाही, ते लिहून ठेव म्हणाला. मला लिहिता येत नाही हे विसरला. पोटचा पोरगा आहे, विसरणारच. शेजारची कुसुम अंगणवाडीत ताई आहे, संध्याकाळी रिकामी असते. मी बोलते, ती लिहिते. तिला बजावलंय, माझं बोलणं शाळेतल्यासारखं नीट करून लिही, पण दुसरं कोणी बोललं तर जसंच्या तसं. आणि बाहेर फुटू देऊ नको. माझ्याकडून फुटायची भीती नाही. मला वाचताच येत नाही.

गोळी घेतली. शुगर मोजली नाही. सणाला मोजली तर सणाचा अपमान होतो.

सुधाकर आणि सून रेणुका आदिलाबादहून आले होते. बैलांच्या पाया पडून झालं, पुरणपोळी खाऊन झाली आणि विषय निघाला. तोच. घराला कुलूप लाव, आमच्याकडे चल. सेकंड फ्लोअर आहे, हवा येते, नातवंडांना आजी मिळते. आषाढात मी अंगणात घसरले ते त्याने अजून धरून ठेवलंय. मी घसरले नव्हते, अंगण घसरलं होतं. गुडघे गेले, डोळे गेले म्हणाला. मी म्हटलं, सगळे जागेवर आहेत, मोजून घे.

मग रेणुकाने मोबाइलमध्ये फोटो दाखवला. तारेच्या जुन्या खांबांवर हिरव्या काचेच्या वाट्या पालथ्या बसवलेल्या असायच्या, त्या. शहरात लोक आता शोकेसमध्ये ठेवतात, अँटिक म्हणतात. आपल्या रेल्वेच्या छोट्या लाईनीवर होत्या ना, विचारलं तिने. होत्या म्हणजे? खांबाखांबावर होत्या. तारेतलं बोलणं खांबात उतरू नये म्हणून काच, असं सासरे सांगायचे. मग मोठी लाईन आली, ती पलीकडून सरळ गेली. इकडचे रूळ उचलून नेले. जुना भराव आमच्या वावराच्या धुऱ्याला, बांधाला लागून, तसाच पडला आहे, खांबही उभे आहेत. त्या वाट्यांचं मला विचारा. नवी नवरी होते तेव्हा मचाणावर बसून ज्वारी राखायची मी. गोफण अशी चालायची की पाखरू तर पाखरू, खांबावरची वाटी टिपायची. गावात नाव होतं.

सुधाकर हसला. तिथे एक अख्खी काच राहिली नसेल, आणि असली तरी तुला दिसायची नाही, म्हणाला. मग माझंही डोकं फिरलं.

"दसऱ्याले तुह्या हातात अख्खी काच ठेवीन. ठेवली त आदिलाबादचं नाव काढाचं नाई. नाई ठेवली त गठुडं बांधून तुह्या मांगं येईन, तोंडातून शबूद काढनार नाई."

कबूल, म्हणाला. फार पटकन म्हणाला. तिथेच मी ओळखलं, पोरगा घाबरला.

जाताना रेणुकाने सगळ्यांना चहा केला. तिच्या चहात साखर म्हणजे नुसती अफवा.

२ सप्टेंबर, शुक्रवार.

प्लॅन ठरला. उद्या पहाटेपासून रोज एक खांब. आधी खालची माती, मग गवत, मग वर नजर. कुसुमला मोठ्या अक्षरात लिहायला सांगितलं. वाचता आलं नाही तरी मोठ्या अक्षराचा वचक असतो.

गोळी घेतली. गुडघ्यांना तेल लावलं. दुखतात म्हणून नाही, कामाला लागणार म्हणून.

३ सप्टेंबर.

पाऊस. गेले नाही. तयारी केली. काठीला टोकाशी खिळा ठोकून घेतला आणि जुन्या लुगड्याची पिशवी शिवली. मोठीच शिवली, दहाबारा काचा सहज मावतील. एक सुधाकरला, एक कुसुमला, बाकीच्या कुणी मागितल्या तर.

६ सप्टेंबर, मंगळवार.

मोहीम सुरू. पहिल्या खांबापर्यंत गेले. पुढचे खांब तिथूनच पाहून घेतले.

पहिल्या खांबाखाली आमचा खांबोबा आहे. आधी त्याच्या पाया पडले. मी मचाणावर बसू लागले त्याच वर्षी सासूबाईंना तो धुऱ्यात सापडला. सकाळी ओल्या मातीतून डोकं वर काढून बसला होता म्हणायच्या. स्वयंभू आहे. त्याच जागी त्यांनी शेंदूर लावला, पुढे दर अमावस्येला मी लावत आले. शेंदरावर शेंदूर चढून देव आता नारळापेक्षा मोठा झालाय. माणसं म्हातारपणी आटतात, देव वाढतो.

पहिल्याच दिवशी यश. चिखलात हिरवं चमकलं. पदराला पुसत पुसत घरी आणलं, धुतलं, तर बाटलीचं बूड. कसल्या बाटलीचं ते कुसुमने विचारलं नाही. भरावावर संध्याकाळी कोण बसतं ते गावाला माहीत आहे.

तरी रंग बरोबर निघाला. नजर पक्की आहे याचा हा पुरावा.

९ सप्टेंबर. महालक्ष्म्या.

शोध बंद. सोळा भाज्या करायच्या की काच शोधायची? हळदीकुंकवाला बयनाबाई आली होती. माझ्याबरोबरचीच, आमची वावरं लागून आहेत. तिला मी काहीच सांगितलं नाही. फक्त शर्त, काच, सुधाकर आणि दसरा एवढंच सांगितलं.

उद्यापासून ती पण येणार आहे.

१२ सप्टेंबर, सोमवार.

बयनाबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पण पाय हरणाचे. म्हणून ठरलं, पाय तिचे, डोळे माझे. ती पुढे जाऊन उचलून आणते, मी दगडावर बसून पाहते. माझं काम जास्त अवघड, बसून बसून कंबर धरते.

आज तिने आणलेलं सामान: चिलमीचा तुकडा, बॅटरीची फुटकी काच, एक लहान मुलाची चप्पल, आणि एक बेडूक. हिरवा होता, तिचा दोष नाही.

खांबाखांबाखाली काचेच्या बारीक तुकड्यांचा नुसता खच आहे. सगळ्या फोडलेल्या. इतका नतद्रष्टपणा कोणी केला असेल, असं मी म्हटलं. बयना म्हणाली,

"तूच त वं. ह्या आंगच्या तुह्या, त्या आंगच्या माह्या."

वय झालंय तिचं. काहीही आठवतं तिला.

१४ सप्टेंबर.

गोळी विसरले. विसरले म्हणजे गरज नव्हती.

१६ सप्टेंबर, शुक्रवार.

बाबारावांच्या ओट्यावर गर्दी. पेपरात आलंय, दसऱ्याला आपल्या जिल्ह्याचे चार जिल्हे होणार. कोण निर्मलात गेला, कोण मंचेरियालात, आपलं मंडल कोणतं, दाखला काढायला कोणत्या ऑफिसात जायचं, यावर बाबाराव सकाळपासून बोलत आहेत. ते निजामाच्या राज्यात जन्मले, हैदराबाद स्टेटात शाळेत गेले, आंध्रात लग्न केलं आणि तेलंगणात दात पडले. आणि ह्या सगळ्यात ओटा एकदाही सोडला नाही.

मी म्हटलं, तुमचं बरं आहे. सरकार माणसं जागेवर ठेवून जिल्हे हलवतं. माझा पोरगा जिल्हा जागेवर ठेवून मला हलवतो.

कोणी हसलं नाही. सगळ्यांचे पोरगे कुठे ना कुठे सेकंड फ्लोअरवर आहेत.

येताना त्यांच्या गोठ्यात एक वाटी पडलेली दिसली. विजेच्या खांबाची, चिनी मातीची, पांढरी. मागून आणली. आकार तोच. रंगाचं काय, बघू.

१८ सप्टेंबर, रविवार.

पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावलेला हिरवा रंग डब्यात उरला होता. लावून पाहिला. दोन हात दिले. दुरून काच, जवळून शिंग.

बयनाबाईला दाखवली. अस्सल काच म्हणाली. तिचा मोतीबिंदू आज पहिल्यांदा कामी आला.

कुसुमने ती उन्हात धरली. काचेतून उजेड आरपार जातो मावशी, हिच्यातून जात नाही, म्हणाली. मी म्हटलं, सुधाकर दुकानात बसणारा माणूस, तो कशाला उजेडात बघतो.

१९ सप्टेंबर.

फसवणूक माझ्या स्वभावात नाही. पोटच्या पोराशी तर नाहीच. म्हणून ती वाटी सोडून दिली.

शिवाय रंग वाळला नाही. माझे दोन्ही हात, उशी आणि मांजर हिरवं झालंय.

२१ सप्टेंबर, बुधवार.

पक्की बातमी. नेरडीगोंड्याच्या एका ढाब्यावर बिलं उडू नयेत म्हणून गल्ल्यावर हिरवी काच ठेवतात. बयनाबाईचा जावई बोथला असतो, हायवेने येजा करतो, त्याने डोळ्यांनी पाहिली. बसने जायचं ठरलं. लुगडं काढून ठेवलं, भाकऱ्या बांधायचं ठरलं, खिडकीशी कोण बसणार यावर बयनाचं नि माझं थोडं बोलणं झालं.

संध्याकाळी जावयाला फोन करून विचारलं, नीट सांगा, कशी आहे. गोल आहे, आत फूल आहे म्हणाला.

आत फूल असलेली खांबावर नसते. खिडकीचं भांडण फुकट गेलं.

२५ सप्टेंबर.

पाऊस, पाऊस. कपाशी पाण्यात उभी आहे. भरावावर गवत कमरेइतकं. सुधाकरचा फोन. काच मिळाली का म्हणाला. मी म्हटलं, मिळाल्यातच जमा. गुडघे कसे आहेत, विचारलं. फर्स्टक्लास सांगितलं. तेव्हा कुसुम एका हाताने माझा गुडघा मिठाच्या पुरचुंडीने शेकत होती. तिला खोकला आला. मुद्दाम आला.

२८ सप्टेंबर, बुधवार.

हे आधीच सुचायला हवं होतं. माणसं कशाला शोधायला लावायची? खांबोबाला नवस बोलले. समोर बसून रोखठोक सांगितलं. इतकी वर्षं माझा शेंदूर खातोस, पावसात मी छत्री धरून तेल लावलंय तुला. मी गेले तर तुला कोण विचारणार? बयना? ती शेंदूर समजून हळद लावेल. तेव्हा माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी म्हणून एक अख्खी काच काढून दे. दिलीस तर चांदीचे डोळे लावीन.

बयनाच्या लेकीकडून बोथच्या बाजारातून डोळे मागवून घेतले. आधीच आणून ठेवले, म्हणजे देवाला उशीर करायला निमित्त नको.

गोळी घेतली. देवाला दाखवून घेतली.

१ ऑक्टोबर, शनिवार. घट बसले.

देव कामाला लागला. कालपासून बतुकम्माचा फुलांचा सण सुरू झाला. शेजारच्या तेलुगू बायका तरवडाची फुलं तोडायला भरावावर आल्या, तंगेडू म्हणतात त्या त्याला. फुलांच्या नादात गवतही तुडवून सपाट केलं. जावळ काढलेल्या पोराच्या डोक्यासारखा भराव दिसतोय. आता काच लपणार कुठे?

३ ऑक्टोबर.

कुठेच लपलेली नाही. म्हणजे नव्हतीच.

देवाला पुन्हा आठवण करून दिली. जरा आवाज चढवला.

५ ऑक्टोबर, बुधवार.

आज भरावाच्या उतारावर पडले नाही. बसले. जरा जोरात बसले.

मग तिथेच थोडा वेळ निवांत बसून राहिले, कारण उठावंसं वाटत नव्हतं. बयनाने हाका मारल्या. बाबाराव बैलगाडी घेऊन आले. गाडीतून आले ती हौस म्हणून. कित्येक वर्षांत बसले नव्हते. गुडघा आता खरबुजाएवढा आहे, पण खरबूजसुद्धा लहान मोठं असतं.

कुसुम म्हणाली, सुधाकरभाऊला फोन करू का. मी म्हटलं, कर, आणि उद्यापासून तुझ्या चुलीला आमच्या तुराट्या बंद. केला नाही तिने.

९ ऑक्टोबर, रविवार.

गठुडं बांधलेलं नाही. फक्त चार लुगडी, औषधं आणि सासूबाईंचा अडकित्ता एका चादरीत एका जागी ठेवलाय. चादरीला गाठ मारली कारण मांजर आत शिरतं.

दरवाजा कुरकुरतो, त्याला तेल घालायचं. मांजर बयनाकडे. तुळशीला पाणी कुसुम घालेल. हे सगळं सहज सांगून ठेवते आहे. माणसाने सांगून ठेवावं.

घरात आज फार स्वच्छ वाटत होतं. आवडलं नाही.

१० ऑक्टोबर, सोमवार.

रात्री पाऊस झाला. सकाळी काठी आणि बयना घेऊन, थांबत थांबत धुऱ्यापर्यंत गेले. काच शोधायला नाही. देवाशी शेवटचं भांडायला.

तर देवाने खोळ टाकली होती.

इतक्या वर्षांचा शेंदूर, पावसाने आतून सुटला असेल. नारळाच्या करवंटीसारखा दोन्हीकडे फुटून पडला होता. देव अशी खोळ टाकतात हे ऐकून होते. आतून मूळ पाषाण निघतो म्हणतात. आमच्या देवाचा पाषाण निघाला नाही. हिरवी काच निघाली. पालथी वाटी, गळ्याशी तारेची खाच, जशी खांबावर बसायची तशी. वर ऊन आलं होतं. काचेतून उजेड आरपार गेला आणि बयनाच्या पांढऱ्या लुगड्यावर हिरवा डाग पडला. तो तिलासुद्धा दिसला.

"मथुरे," बयना म्हणाली, "मांगितली त दिली वं त्यानं. सोताच आला."

मी काही बोलले नाही. मी बोलले नाही असं कुसुमने दोनदा लिहिलंय, तिला खरं वाटलं नाही म्हणून.

काठाला एक टवका आहे. गोफणीच्या गोट्याएवढा. तो कशाचा, ते मला माहीत नाही. बयना माझ्याकडे बघत होती. मी मोठ्या लाईनीकडे बघत होते, गाडी यायची होती.

बयना म्हणाली, उद्या सुधाकरच्या हातात ठेव, शर्त जिंक, आणि परवा आणून परत बसव. एका दिवसाने देव काय रुसतो? बरोबर आहे. काच मागितली, काच मिळाली. देवानेच दिली म्हटल्यावर घ्यायला काय हरकत?

पक्कं ठरलं. उद्या सकाळी उचलायची. वर टोपलं पालथं घालून आले. चादरीची गाठ सोडली.

आज गोळी दोन वेळा घेतली. आनंदात लक्षात राहिलं नाही.

११ ऑक्टोबर, मंगळवार. दसरा. सकाळ.

टोपलं काढलं. उचलायला वाकले. देवाजवळ वाकलं की आधी हात जोडले जातात, सवय आहे. आणि एकदा पाया पडल्यावर उचलता येईना. दोनतीनदा करून पाहिलं. दर वेळी पायाच पडले.

पिशवी तर केव्हाची शिवून ठेवली होती. पण त्या पिशवीत घातला की तो काच होतो. सुधाकर बघेल, रेणुका मोबाइलमध्ये फोटो काढेल, फोटो पाहून कोणीतरी शोकेससाठी मागेल. नाही कशाला म्हणतील ती? आणि शोकेसमध्ये त्याला शेंदूर कोण लावणार? रेणुका तर चहात साखर घालत नाही.

शिवाय शर्त अख्ख्या काचेची होती. हिच्या काठाला टवका आहे. अख्खी कशी म्हणायची? मी खोटं बोलून शर्त जिंकणारी बाई नाही. बयनाला हे समजावून सांगितलं. तिने कपाळाला हात लावला.

कुसुमकडून शेंदूर आणला, तेलात कालवला आणि लावला. जाड लावला. आणि डोळ्यांचं असं आहे, नवस अख्ख्या काचेचा होता, देवाने टवक्याची दिली. म्हणून मीही एकच डोळा लावला. दुसरा जवळ ठेवलाय. हिशोब हिशोब असतो.

संध्याकाळ. गाडीत बसायच्या आधी.

सुधाकर दुपारी रिक्षा घेऊन आला. आदिलाबादेत आज नव्या जिल्ह्यांची धामधूम आहे, रस्त्यात फार वेळ लागला म्हणाला. आपट्याचं पान हातात दिलं, पाया पडला. मग काच, म्हणाला. मी त्याच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं. सोनं घे म्हटलं.

हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. माझ्या गुडघ्याकडे बघितलं, चादर उचलून रिक्षात ठेवली. शब्द काढायचा नाही असं कबूल केलं होतं, म्हणून मी शब्द काढला नाही. घराला कुलूप त्याने लावलं. किल्ली मी घेतली.

निघताना धुऱ्याशी रिक्षा थांबवली. लहानपणापासून तो खांबोबाच्या पाया पडल्याशिवाय गाव सोडत नाही. वाकला आणि तसाच राहिला.

"माय, एकच डोळा काऊन?"

"दुसरा बाकी हाय."

खाली मातीजवळ माझा हात पोचला नव्हता, गुडघा वाकत नाही ना. तिथे बोटभर हिरवं तसंच उघडं राहिलं होतं. सुधाकर त्याच्यासमोर उकिडवा बसला, हिरव्यावरून बोट फिरवलं. मग दोन्ही हातांनी माती ओढून तिथे सारली आणि वरून थापली. कशाला थापत होता कोण जाणे. लहानपणापासून त्याला मातीत खेळायची सवय आहे.

उठला, हाताची माती पँटीला पुसली.

"गुडघा बरा झाला का आनून सोडतो. देवाचं बाकी ठेवू नये."

मी म्हटलं, गुडघा बराच आहे. मग चढ रिक्षात, म्हणाला. मला चढवलं नाही कोणी. कुसुमने आणि त्याने हात धरला, बयनाने मागून ढकललं, बाकी मी एकटीच चढले.

हे एवढं कुसुमने रिक्षाशी उभं राहून लिहिलंय. अक्षर वाकडं आलं असेल. तिच्या डोळ्यांत काहीतरी गेलं होतं.

१६ ऑक्टोबर, रविवार. आदिलाबाद.

आजपासून रेणुका लिहिते आहे.

इथे सगळं चांगलं आहे. सून चांगली आहे. हवा येते. जिना चांगला आहे, अजून उतरून पाहिला नाही. शुगर रोज मोजतात, तेही चांगलंच आहे. कपाटाला आरसा आहे, त्यात एक म्हातारी बाई दिसते, ती पण चांगली आहे. चहा फार चांगला असतो.

इथे रेणुका थांबली.

"आई, तुमी सांगता ते लिहू का खरं लिहू?"

कुसुमने हे कधी विचारलं नव्हतं. सांगते ते लिही, म्हटलं. तिने पेन ठेवलं आणि आत गेली. बऱ्याच वेळाने पुन्हा चहा घेऊन आली. समोर बसली. ह्या चहात साखर होती.

आज शुगर मोजायची नाही असं आमच्या दोघींचं ठरलं. सुधाकरला सांगायचं नाही.

गुडघा उतरतोय. दिवाळीपर्यंत पळायला लागेन. चांदीचा डोळा पदराच्या गाठीत आहे, रोज चाचपून बघते.

खिडकीसमोर विजेचा खांब आहे. त्यावर पांढऱ्या वाट्या दिसतात, चष्म्याशिवाय दिसतात. सगळ्या अख्ख्या. गोफण घरी राहिली.